सिम्युलेटरवर सराव कसा घ्यावा: शस्त्र प्रशिक्षकांसाठी

नवा सिम्युलेटर बसला की पहिले काही दिवस त्या खोलीत एकच खेळ चालतो. जो येतो तो पिस्तूल उचलतो, पडद्यावरच्या माणसावर मॅगझिन रिकामं करतो, खाली उमटलेला टक्का बघतो आणि ‘भारी आहे’ म्हणत निघून जातो. थोड्याच महिन्यांत मशीनवर कापड पडतं आणि पाहुणे आले तरच ते निघतं. मला याचं वाईट वाटतं, कारण या खोलीत जे शिकता येतं ते दुसरीकडे शिकायची सोय फार कमी. नेम बसवायला फायरिंग रेंज आहे. पण कागदी टार्गेट कधी खिशात हात घालत नाही, रडत नाही, ‘मी काही केलं नाही’ असं ओरडत अंगावर येत नाही. पडद्यावरचा माणूस हे सगळं करतो. तेव्हा या खोलीत शिकवायचं ते समोर काय चाललंय ते बघायला, त्या माणसाशी बोलायला आणि गोळी झाडायची की नाही हे ठरवायला. नेमाचा नंबर सगळ्यात शेवटी.

मी पोलिसांना शस्त्र शिकवते. ज्यांच्या हातात हे यंत्र नव्याने आलंय अशा प्रशिक्षकांसाठी हे लिहितेय.

यंत्र आणि खोली

प्रोजेक्टर पडद्यावर प्रसंग दाखवतो. प्रशिक्षणार्थीच्या शस्त्रात गोळीऐवजी लेझर बसवलेला असतो. ट्रिगर ओढला की तो क्षणभर चमकतो, बहुतेक यंत्रांत डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. पडद्यावर रोखलेला कॅमेरा तो ठिपका टिपतो आणि कॉम्प्युटर ठरवतो की ठिपका चित्रातल्या माणसावर पडला की भिंतीवर. पुढे काय घडायचं ते कधी या ठिपक्यावरून ठरतं, कधी बाजूला बसलेल्या ऑपरेटरच्या बोटावरून. एकाच प्रसंगाचे वेगवेगळे शेवट आधीच चित्रित केलेले असतात आणि त्यातला कुठला लावायचा हे तिथल्या तिथे ठरवता येतं.

अमेरिकेत असे सिम्युलेटर बनवणारी ‘फायरआर्म्स ट्रेनिंग सिस्टम्स’ ही कंपनी १९८४ साली जोडी शेक्टरने काढली. हाच शेक्टर १९७९ साली फेरारीच्या गाडीत बसून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला होता. रेसच्या ड्रायव्हरला या धंद्यात यावंसं वाटलं याचं मला नवल वाटत नाही. बघून कृती करायला त्याच्याकडेही सेकंदाचा तुकडाच असतो. आता एका पडद्यापासून ते प्रशिक्षणार्थीला जवळजवळ वेढून टाकणाऱ्या पाच पडद्यांपर्यंत यंत्रं मिळतात. तुमच्याकडे एकच पडदा असेल तर हिरमुसू नका, शिकवणी पडद्यांच्या संख्येवर चालत नाही.

खोली मात्र नीट हवी. कॅमेरा इन्फ्रारेड बघतो आणि ऊन, जुन्या पद्धतीचे तापणारे बल्ब यांतूनही इन्फ्रारेड निघतं. खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप पडद्यावर आली तर कुणी ट्रिगरला हात न लावताही गोळी लागल्याची नोंद होऊ शकते. खिडक्यांना पडदे जाड लावा. प्रोजेक्टर किंवा कॅमेऱ्याला झाडताना धक्का लागला, कुणी स्टँड बोटभर सरकवला, तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. मी तर रोज सकाळी करते. पडद्याच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध टेकू देऊन एकेक गोळी झाडायची आणि ठिपका जिथे नेम धरला तिथेच उमटतो का ते बघायचं. नसेल तर आधी लेझर त्या शस्त्राच्या साइटशी, म्हणजे नेम धरायच्या खुणेशी, जुळवून घ्यायचा. हे न करता दिवसभर सराव घेतला तर चांगला नेमबाजसुद्धा संध्याकाळपर्यंत स्वतःचा होल्ड, म्हणजे शस्त्र धरून नेम स्थिर ठेवायची सवय, बिघडवून बसतो.

नेमबाजीचे धडे घेणार असाल तर टार्गेटचा आकार टेपने मोजा, सॉफ्टवेअरवर विसंबू नका. हिशोब सोपा आहे. उभं राहायची रेघ पडद्यापासून ४ मीटरवर आहे आणि टार्गेट १० मीटरवर आहे असं दाखवायचंय, तर पडद्यावरची उंची खऱ्या उंचीच्या ४/१० हवी. म्हणजे १.७० मीटर उंचीचा माणूस पडद्यावर ६८ सेंटिमीटर दिसला पाहिजे. मोठा दिसत असेल तर सगळ्यांचे गुण छान येतील आणि रेंजवर गेल्यावर तोंडं पडतील. रेघ जमिनीवर ठळक मारून घ्या आणि प्रशिक्षणार्थी तिच्या मागेच उभा राहतोय याकडे लक्ष ठेवा.

दारातली तपासणी

यात सूट नाही, मग समोर कितीही वरचा अधिकारी असो. सरावाचं शस्त्र खऱ्यासारखंच असतं. पुष्कळदा ते खरंच पिस्तूल असतं, फक्त बॅरल आणि मॅगझिन बदललेलं. त्यामुळे खरं शस्त्र, खरी गोळी, चाकू, खऱ्या स्प्रेची बाटली यातलं काहीही खोलीत येता कामा नये. दाराबाहेर प्रत्येकाने आपलं शस्त्र मोकळं करून जमा करायचं, मग खिसे, पाउच, होल्स्टर, पायाला बांधलेलं दुसरं शस्त्र, सगळं एकाने तपासायचं आणि दुसऱ्याने पुन्हा तपासायचं. चहाला बाहेर गेलेला माणूस परत आला की पुन्हा पहिल्यापासून. प्रशिक्षकही यातून सुटत नाही. मी स्वतः रोज प्रशिक्षणार्थींकडून तपासून घेते, म्हणजे कुणाला अपमान वाटायचं कारण उरत नाही. दार एकच उघडं ठेवा.

गोळी झाडल्यावर हाताला बसतो तसा धक्का देण्यासाठी मॅगझिनमध्ये कार्बन डायऑक्साइड भरत असाल तर हातमोजे आणि गॉगल घालून भरा, द्रवरूप गॅसने कातडी भाजल्यासारखी होते. खोलीत हवा खेळती हवी. आणि हेही माहीत असू द्या की भराभर गोळ्या झाडल्या की मॅगझिन थंड पडतं, दाब उतरतो आणि धक्का मरतो. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, अर्धवट मागे येऊन अडकते. ते पाहून प्रशिक्षणार्थी गोंधळला तर गोंधळू द्या, अडकलेलं शस्त्र मोकळं करायचा सरावही होऊन जातो.

प्रसंग निवडताना

प्रशिक्षणार्थी खोलीत येतो तेव्हा त्याच्या हातात पिस्तूल दिलेलं असतं आणि समोर पडदा असतो. त्याने काय समजायचं? की आता गोळी झाडायचीय. ही समजूत मोडली नाही तर आपण त्याला रोज चुकीचं शिकवतोय. म्हणून माझा दंडक असा की दहांपैकी निदान सहा-सात प्रसंग गोळी न झाडता मिटणारे हवेत. काहींत तर काहीच घडू नये. माणूस तावातावाने बोलतो, कागदपत्रं काढून देतो, निघून जातो. सुरुवातीला मुलं विचारतात, ‘मॅडम, हे काय होतं?’ मी म्हणते, नोकरी होती.

एकच सुरुवात आणि तीन शेवट ही सगळ्यात उपयोगी मांडणी. थांबवलेल्या गाडीतला माणूस वाकून डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालतो. पहिल्या वेळी कागद निघतो, दुसऱ्या वेळी मोबाइल, तिसऱ्या वेळी पिस्तूल. हाच क्रम सगळ्यांना ठेवू नका, बाहेर पडलेला माणूस व्हरांड्यात थांबलेल्याला सगळं सांगतो हे गृहीत धरूनच चाला.

पडद्यावर कोण दिसतं याकडेही बघा. जोशुआ कॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. साध्या व्हिडिओ गेममध्ये कधी सशस्त्र, कधी नि:शस्त्र माणसं दिसायची आणि गोळी झाडायची की नाही ते पटकन ठरवायचं. सशस्त्र माणूस काळा असेल तर सहभागी लवकर गोळी झाडत आणि नि:शस्त्र माणूस गोरा असेल तर लवकर ‘नाही’ ठरवत. तुमच्या क्लिपांत पिस्तूल काढणारा दर वेळी एकाच वर्णाचा, एकाच वेशातला, एकाच वस्तीतला वाटणारा असेल, तर तुम्ही निर्णय शिकवत नसून पूर्वग्रह घोटवून घेताय. तयार संच विकत घेताना एकेक क्लिप स्वतः बघा आणि कुणाच्या हातात काय निघतं याची यादी करा. यादी बोलकी असते. क्लिपेतला माणूस परक्या भाषेत बोलत असेल तर शक्य तिथे आपल्या लोकांना घेऊन नवं चित्रित करा. भाषाच कळली नाही तर त्याला बोलून शांत करायचा सराव होणार कसा?

ऑपरेटरचं बोट

प्रशिक्षणार्थीला पडद्याशी बोलायची लाज वाटते. पहिल्या दिवशी बहुतेक जण मुके उभे राहतात किंवा चित्रपटातल्यासारखं एकदा ‘हँड्स अप’ म्हणून गप्प होतात. यावर इलाज ऑपरेटरकडे आहे. प्रशिक्षणार्थी स्पष्ट, माणसाला कळेल असं बोलला तर शांत होणारा शेवट लावायचा. तो गप्प राहिला किंवा नुसताच आरडाओरडा केला तर माणूस आणखी चिडतो तो शेवट लावायचा. दोन-तीन फेऱ्यांत मुलं बोलायला लागतात. ‘हात दिसू देत’, ‘तिथेच थांब’, ‘तुझं नाव काय’ अशी साधी वाक्यं.

हे नियम सराव सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. कशाने परिस्थिती निवळेल, कशाने चिघळेल. नाहीतर ऑपरेटरला चेव येतो. समोरचा जरा आखडू दिसला की याने बटण दाबलंच. सगळं बरोबर केलेल्या माणसालाही गोळी खायला लावणारा प्रसंग शिकवत काही नाही, फक्त प्रशिक्षकाचा अहंकार पोसतो. आणि प्रशिक्षणार्थीला गोळी लागली म्हणून दिवे लावून ‘तू मेलास’ असं सांगू नका. प्रसंग चालू ठेवा. आडोसा घे, झुंज, मदत माग, शेवटपर्यंत जा.

गोळी झाडल्यावर पडदा लगेच थांबवायचा नाही, हेही ऑपरेटरने पाळायचं. समोरचा पडला की पुढची कामं सुरू होतात. शस्त्र कुठे गेलं, दुसरा कुणी आहे का, वायरलेसवर कळवणं, जखमीला मदत. पोलिसांच्या बलप्रयोगाबाबत संयुक्त राष्ट्रांची जी मूलतत्त्वं १९९० साली हवानाच्या परिषदेत स्वीकारली गेली, त्यांत जखमीला शक्य तितक्या लवकर वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे असं स्पष्ट म्हटलंय. सरावात ठिपका उमटला की खेळ संपतो अशी सवय लागली तर रस्त्यावरही माणूस गोळी झाडून नुसता उभा राहील.

आधी विचारा, मग दाखवा

खरा तास इथे असतो. तीन मिनिटांच्या प्रसंगाला मी पंधरा मिनिटं तरी चर्चेला ठेवते. वेळ कमी असेल तर प्रसंग कमी करा, चर्चा नाही.

रिप्ले लगेच लावायचा नाही. आधी प्रशिक्षणार्थीला विचारायचं: काय झालं ते सांग. मध्ये बोलायचं नाही. एकाच्या बाबतीत झालं ते सांगते. घरगुती भांडणाचा प्रसंग होता, नवरा स्वयंपाकघरातून चाकू घेऊन बाहेर येतो. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, त्याने चाकू काढला, मी थांब म्हटलं, तो अंगावर आला, मी दोन गोळ्या झाडल्या, तो पडला.’ अगदी खात्रीने. मग रिप्ले लावला. पडद्यावर चार ठिपके होते. ‘थांब’ हा शब्द पहिल्या गोळीनंतर आला होता. पहिल्या दोन गोळ्या माणूस चालून येत असताना, तिसरी त्याचा गुडघा वाकताना, दुसरीनंतर साधारण पाव सेकंदाने. चौथी मात्र सेकंदापेक्षा जास्त उशिरा, माणूस कुशीवर पडलेला आणि चाकू त्याच्या हातातून सुटून फरशीवर गेलेला असताना.

मुलगा खोटं बोलत नव्हता. ताणात माणसाला गोळ्या मोजता येत नाहीत, क्रम उलटसुलट होतो, आवाज ऐकूच येत नाहीत. हे त्याला वर्गासमोर चिडवून नाही, समजावून सांगायचं. तिसऱ्या गोळीचं उत्तर शरीरातच आहे. डोळ्याला बदल दिसून हात थांबायला साधारण पाव सेकंद लागतो, ठरवायचं अवघड असेल तर आणखी जास्त, तेवढ्यात बोट एकदा ओढलं जातं. चौथीचं उत्तर त्यात बसत नाही. मी विचारलं, ‘चौथ्या वेळी तुला काय दिसत होतं?’ बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, ‘चाकू. मी चाकूकडेच बघत होतो.’ चाकू फरशीवर गेला होता आणि त्याची नजरही चाकूबरोबर फरशीवर गेली होती. पडलेल्या माणसाचा रिकामा हात त्याने पाहिलाच नव्हता. नजर शस्त्राला चिकटते ती अशी. हे मी फळ्यावर लिहून सांगितलं असतं तर त्याने वहीत उतरवून घेतलं असतं आणि काम संपलं असतं.

लगेच तोच प्रसंग पुन्हा लावला, शेवट बदलून. या वेळी नवरा तीन वेळा सांगितल्यावर चाकू टाकतो. मुलाने एकही गोळी झाडली नाही आणि चाकू पडताच नजर वर, हातांकडे नेली. चर्चेनंतर दुसरी संधी त्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत फक्त लाज शिल्लक राहते.

चर्चेचा शेवट नेहमी एका प्रश्नाने: कुठल्या अधिकाराने? प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, तुमच्या दलाचे आदेश वेगळे, ते आधी. पण गाभा सगळीकडे जवळपास सारखाच सापडतो आणि हवानाच्या मूलतत्त्वांत तो नेमक्या शब्दांत आहे: जीव जाण्याचा किंवा गंभीर इजा होण्याचा तातडीचा धोका असेल, सौम्य उपाय पुरेसे नसतील, तरच बंदूक, आणि शक्य असेल तिथे आधी ओळख देऊन इशारा. प्रशिक्षणार्थीने स्वतःच्या शब्दांत, न्यायालयात सांगावं तसं, उभं राहून सांगायचं: काय दिसलं, त्यावरून काय वाटलं, म्हणून काय केलं. ‘मला धोका वाटला’ एवढ्यावर सोडू नका. कशावरून वाटला? कुठला हात? किती अंतर? मध्ये काय होतं?

अंतरावरून एक गोष्ट निघतेच, तेव्हा आधीच बोलून घ्या. डेनिस टुलर या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ साली लिहिलं की चाकूवाला माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे ६.४ मीटर, दीड सेकंदात कापू शकतो आणि होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरून झाडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. हे अंतर राखण्याचं, आडोसा घेण्याचं कारण आहे. २१ फुटांच्या आत आला म्हणजे गोळी घालायला परवानगी, असा त्याचा अर्थ कुणी लावत असेल तर तिथल्या तिथे तोडा.

सॉफ्टवेअर गुण देतं ते वर्गासमोर वाचू नका. एकदा टक्का ऐकला की मुलं टक्क्यासाठी खेळतात. रेकॉर्डिंग कुणाच्या मोबाइलमध्ये जाता कामा नये. घाबरलेल्या सहकाऱ्याची क्लिप ग्रुपवर फिरली की त्या दिवसापासून त्या खोलीत कुणी मनापासून चूक करणार नाही, म्हणजेच शिकणारही नाही.

यंत्राला जे जमत नाही

लेझर सरळ रेषेत आणि तत्काळ पोचतो. गोळीला वेळ लागतो, ती खाली येते, धावत्या माणसावर नेम पुढे धरावा लागतो. सॉफ्टवेअर हा हिशोब करत नसेल तर पळत्या टार्गेटवरचे ठिपके बघून हुरळून जाऊ नका. धक्का खऱ्या शस्त्राइतका नसतो. पडदा सपाट आहे, त्यामुळे बाजूला सरकून कोपऱ्यामागचं दिसत नाही. आडोशासाठी रेघेवर एखादं पिंप किंवा लाकडी दारचौकट ठेवा आणि तिचा वापर करायला लावा, नाहीतर मुलं उघड्यावर उभं राहून झाडायला शिकतात.

प्रशिक्षणार्थीवर नायलॉनच्या गोळ्या मारणारी तोफ किंवा अंगाला विजेचा झटका देणारा पट्टा, असे जोड काही यंत्रांना मिळतात. मला त्यांचं फार प्रेम नाही. ज्याला अजून बोलून थांबवता येत नाही त्याला वेदना दिली तर तो आधी झाडायला शिकतो. हात बसलेल्यांना, आडोसा वापरतात की नाही हे बघण्यासाठी, कधीमधी. डोळ्यांना आणि चेहऱ्याला संरक्षण लावूनच.

सिम्युलेटरनंतर रेंज हवीच आणि त्यानंतर रंगाच्या गोळ्या वापरून खऱ्या माणसांसमोरचा सरावही. त्यात पाठीमागे, बाजूला, जिन्यात माणसं असतात. मी साधारण असा क्रम ठेवते: सकाळी सिम्युलेटर, दुपारी रेंज, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग माणसांना घेऊन. ज्याचा होल्ड पडद्यासमोर ढिला दिसला त्याला रेंजवर शेजारी उभं राहून बघते. प्रसंगांचा संच वर्षभरात पाठ होतो. शिपाई खोलीत शिरताच ‘लाल शर्टवाला काढतो’ असं कुजबुजताना ऐकलं की नव्या क्लिपांची मागणी टाका. तोवर जुन्या क्लिपांचे शेवट अदलाबदल करून वापरा.